भिंतीवरचे चेहरे

फँड्री (2013) या सिनेमातला तो एक शॉट माझ्या डोक्यातून जातच नाही, काठीला बांधलेलं डुक्कर उचलून जब्याच्या (खालच्या मानलेल्या जातीतला शाळकरी मुलगा, सिनेमाचा नायक) घरचे शाळेच्या भिंतीसमोरून चाललेत आणि भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा रंगवलेले! मागे भिंत, पुढे डुक्कर, बस्स एवढंच, पण डायलॉगने हे झालंच नसतं. इथे इंदूरला रामबागेत मावशीकडे परत लावला तेव्हा मावशी म्हणाली, अरे थांबव जरा, मागे कोण कोण आहेत बघू दे. आणि जब्याचा दगड शेवटी सरळ कॅमेऱ्यावरच येतो, म्हणजे जब्याच्या घरच्यांना हसणाऱ्या गावकऱ्यांच्या रांगेत आपल्यालाही उभं केलंय दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी. जब्या जिच्या मागे असतो त्या काळ्या चिमणीबद्दल वेगळं लिहीन, तो विषय खूप मोठा आहे.