पाटनगढ: बान्यावरून भिंतीवर उतरलेली गोष्ट

नागपूरहून मध्य प्रदेशातल्या पाटनगढला जायचं तर सिवनी, लखनादौन करत आधी जबलपूर गाठायचं. पेंचच्या जंगलातला महामार्ग आता काही ठिकाणी खांबांवर उचलून घेतलाय, जनावरं खालून जातात, आपण वरून. जबलपूरपासून कुंडम, शहपुरामार्गे दिंडोरी आणि पुढे अमरकंटकच्या दिशेनं करंजिया. दिंडोरीत नर्मदा रस्त्याला सोबत करते. मग मैकलच्या डोंगररांगा जवळ येतात आणि दोन्ही बाजूंना साल, मोह आणि साजा दिसू लागतात. साजा म्हणजे आपला ऐन. गोंडांचा बडा देव याच झाडात राहतो, त्यामुळे पुढच्या सगळ्या प्रवासात या झाडावरून नजर हटली नाही.

पाटनगढ टेकडीवर वसलंय. परधान गोंडांचं हे गाव आज ओळखलं जातं ते चित्रकारांमुळे. अंगणात चटई टाकून कुणी कॅनव्हासवर वाकलेलं, ओसरीवर रंगांच्या वाट्या, भिंतींवर हरणं आणि मोर. हरणाची शिंगं वाढत वाढत फांद्या होतात, त्या फांद्यांवर पाखरं बसलेली. पण मला इथं यायचं होतं ते वेगळ्या कारणासाठी. 'निसर्गाच्या सान्निध्यात राहणाऱ्या आदिवासींची निसर्गचित्रं' असं जे या कलेबद्दल सर्रास लिहिलं जातं, ते मला कधीच पटलं नव्हतं. जंगलाजवळ राहणारे लोक पुष्कळ आहेत. सगळे काही असं चितारत नाहीत.

एका घरात सत्तरीच्या आसपासचे एक काका भेटले. कोनाड्याजवळ खुंटीला बाना लटकत होता: तीन तारांचं, घोड्याच्या केसांच्या गजानं वाजवायचं वाद्य. आपल्याकडे यवतमाळ-चंद्रपूरच्या परधानांकडे किंगरी असते, तिचं हे सख्खं भावंड. काकांनी गोष्ट सांगितली. सात गोंड भाऊ होते. त्यांच्या शेतात एक तेजस्वी घोडेस्वार आला, भाऊ त्याच्यावर धावून गेले आणि तो साजाच्या झाडात गुप्त झाला. तो बडा देव होता हे कळल्यावर सगळे घाबरले. देव काही केल्या प्रसन्न होईना. तेव्हा धाकट्यानं बाना तयार केला, वाजवून गाणं म्हटलं, आणि देव शांत झाला. त्या धाकट्याचे वंशज म्हणजे परधान. थोरल्या भावांनी शेती करायची, धाकट्यानं गायचं आणि सगळ्यांचं लक्षात ठेवायचं, अशी वाटणी तेव्हापासून पडली.

काका ही गोष्ट पुराणासारखी सांगत नव्हते. घरातल्या हिश्शाच्या वाटणीसारखी सांगत होते. कुणाच्या वाट्याला काय आलं, हा त्यांच्या दृष्टीनं हिशेबाचा भाग होता. परधान दर तीन वर्षांनी आपल्या यजमान गोंडांच्या घरी जात, बडा देवाची गाणी, गोंड राजांच्या कथा, त्या घराण्याची वंशावळ गात आणि धान्य, कपडे, गाय-बैल घेऊन परत येत. यजमानच गरीब होत गेले तशी ही रीत ओसरली. गाणारा राहिला, ऐकून घेऊन पोसणारा राहिला नाही.

या व्यवहाराची बारकाईनं नोंद करणाऱ्यांपैकी एक मराठी माणूस होता, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातले शामराव हिवाळे 1932 साली ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांच्यासोबत करंजियाला आले आणि इथलेच झाले. वरच्या नर्मदा खोऱ्यातल्या परधानांवर त्यांनी लिहिलेलं पुस्तक 1946 साली प्रसिद्ध झालं. एल्विन पुढे पाटनगढलाही राहिले. एल्विन यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं. हिवाळ्यांचं आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे?

आता चित्रांकडे येतो. गोंड घरांत भिंती लिंपून त्यांवर डिगना काढतात: छुईची पांढरी माती, गेरू, रामरज म्हणून पिवळी माती, काळी माती. सणासुदीला आणि लग्नकार्यात बायका हे भौमितिक नक्षीकाम करतात. शिवाय ओल्या मातीचे उठाव काढायची रीत होती. गोष्टी गाण्यात होत्या, भिंतीवर नक्षी होती. या दोन गोष्टी एकत्र आणल्या त्या याच गावच्या एका मुलानं, जनगढ सिंह श्याम यानं.

1981 च्या सुमारास भोपाळमध्ये भारत भवन या कलाकेंद्राची तयारी चालू होती. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी तरुण कलावंतांच्या तुकड्या मध्य प्रदेशातल्या गावोगावी धाडल्या. त्यांतली एक पाटनगढला पोचली आणि तिला जनगढचं भिंतीवरचं काम दिसलं. तेव्हा तो विशीच्या आतबाहेर असेल. स्वामीनाथन यांनी त्याला भोपाळला आणलं. पोस्टर कलरमध्ये पहिल्यांदा ब्रश बुडवला तेव्हा अंगातून थरथर गेली, असं त्यानं पुढे सांगितलं होतं. मातीच्या चार-पाच रंगांत वाढलेल्या माणसासमोर एकदम झळाळता निळा आणि हिरवा आला, तेव्हा काय झालं असेल, याचा विचार मी त्याच्या गावच्या भिंतीसमोर उभं राहून बराच वेळ केला.

जनगढनं जे केलं त्याची खोली मला इथं आल्यावर समजली. आजवर केवळ गाण्यात असलेल्या, ज्यांची चित्रं कधी कुणी काढलीच नव्हती, अशा देवांना त्यानं रूप दिलं. काका म्हणाले ते सोपं होतं: आम्ही गात होतो, त्यानं ते काढून दाखवलं. त्या आकृत्यांच्या आत त्यानं ठिपके भरले, बारीक रेघांच्या ओळी भरल्या, आणि सपाट रंग जिवंत झाला. भोपाळच्या विधान भवनाच्या भिंतींवर त्यानं चित्रं काढली, 1989 मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्याचं काम लागलं. 2001 साली जपानमधल्या मिथिला संग्रहालयात काम करायला गेलेला असताना त्याचा तिथंच मृत्यू झाला. त्याचं वय जेमतेम चाळीस. गावात हा विषय निघाला की आजही माणसं गप्प होतात, आणि मीही पुढे काही विचारलं नाही.

पण जाण्याआधी त्यानं एक मोठं काम करून ठेवलं होतं. भोपाळच्या आपल्या घरी नात्यागोत्यातल्या मुलांना बोलावून त्यानं हातात ब्रश दिले होते. म्हणूनच या शैलीला 'जनगढ कलम' म्हणतात. आणि त्याची शिस्त अशी, की प्रत्येकाची भरण्याची रीत स्वतःची हवी. पाटनगढमध्ये एका तरुण दीदीला मी काम करताना पाहिलं. आधी पेन्सिलीनं बाह्यरेषा, मग सपाट रंग, तो वाळला की बारीक ब्रशानं आतलं भरणं. तिचं भरणं भाताच्या लोंबीसारखं होतं. शेजारच्या घरातला भाऊ माशाचे खवले भरत होता. सही न बघता चित्र कुणाचं हे ती दुरून सांगत होती, आणि एकदाही चुकली नाही. भरण्याला आठवडे लागतात. घाई केली की रेघ बोलते, असं तिचं म्हणणं.

परतीला मी भोपाळला गेलो, कारण पाटनगढची निम्मी गोष्ट तिथं आहे. चित्रकार भज्जू श्याम इथं आले तेव्हा रात्रपाळीची राखणदारी आणि विजेची कामं करत होते. लंडनला एका उपाहारगृहाच्या भिंती रंगवायला गेले, आणि परत येऊन त्यांनी लंडन आपल्या नजरेनं काढलं: वेळ सांगणारा बिग बेन म्हणजे कोंबडा, ठरल्या रस्त्यानं इमानानं येणारी बस म्हणजे कुत्रा, जमिनीखालची रेल्वे म्हणजे गांडूळ. हे गमतीचं वाटतं, पण परधानाची रीतच ती आहे. नवं काही दिसलं की ते आपल्या गोष्टीतल्या कुठल्या प्राण्याच्या जागी बसतं, हे तो शोधतो. भज्जूंना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली.

परधान चित्रकार दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी आपल्या बाबासाहेबांचं चरित्र चितारलं आहे: 'भीमायन', 2011. ते मी कितीदा पाहिलंय सांगता येणार नाही, पण प्रवासानंतर ते वेगळंच दिसलं. माणसांना चौकटीत कोंडायला या दोघांनी नकार दिला, आमची कला खुली आहे म्हणाले, आणि पानं विभागायला दुर्गाबाईंनी लहानपणी शिकलेला डिगना वापरला. मायेचं बोलणं पाखराच्या आकाराच्या फुग्यात, विखारी बोलणं विंचवाच्या नांगीच्या फुग्यात. आगगाडी सापासारखी वळवळते. महाडच्या सभेतल्या कर्ण्यांतून पाण्याच्या धारा उडतात. चवदार तळ्याबद्दल आपण शाळेपासून वाचत आलोय. शब्द आणि पाणी एकाच तोटीतून येताना दाखवायला मात्र गाण्याची जबाबदारी वाहिलेल्या घरातला हात लागला. दुर्गाबाईंना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली.

एक गोष्ट मात्र खुपते. शहरातल्या दुकानांत हीच चित्रं नुसत्या 'गोंड आर्ट' या चिठ्ठीखाली विकायला असतात, चित्रकाराचं नाव नसतं. मध्य प्रदेशच्या गोंड चित्रकलेला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते चांगलंच झालं. पण मानांकन प्रदेशाचं असतं, भरणं माणसाचं. ज्या दीदीनं आठवडे घालून लोंबी भरली, तिचं नाव चित्राखाली यायलाच हवं.

जाणार असाल तर पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत जा. दिंडोरीत राहून पाटनगढ करता येतं. घरांचे दरवाजे उघडे असतात, पण आत जाण्याआधी विचारा, काम चालू असेल तर बसून पाहा. जेवायला कोदो-कुटकी ही इथली भरडधान्यं मिळाली तर सोडू नका. भोपाळला श्यामला हिल्सवरचं जनजातीय संग्रहालय आणि भारत भवन, दोन्हींना वेगवेगळा दिवस ठेवा. चित्र घेतलंत तर मागच्या बाजूला चित्रकाराकडून नाव, गाव आणि त्यातली गोष्ट लिहून घ्या. मी घेतलेल्या चित्रामागे दीदीनं गोष्ट तीन ओळींत लिहिली, मग थांबली, आणि उरलेली गाऊन दाखवली.