शिक्का नसलेलं पुस्तक

ग्रंथालयासाठी गणिताच्या पुस्तकांची खरेदी-यादी करायला बसले आणि आधी कपाटापाशीच गेले. एका सरांच्या आग्रहाखातर घेतलेला जाडजूड ग्रंथ तसाच होता. तारखेच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नाही, म्हणजे तो कुणी एकदाही घरी नेलेला नाही. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाने १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळपास ४० टक्के पहिल्या सहा वर्षांत एकदाही बाहेर गेली नव्हती, हे आठवून हायसं वाटलं. (दुसऱ्याचंही तेच, की बरं वाटतं!) तरी शिक्क्यांवर माझा पुरता भरवसा नाही. गणितवाले उभ्या उभ्या एखादं प्रमेय बघून पुस्तक परत ठेवतात, त्याची नोंद कुठे होते? बजेटचा मोठा वाटा नियतकालिकांची वर्गणीच खाते. उरलेल्यात ही ओढाताण. टोपोलॉजी या गणिताच्या शाखेवरच्या पुस्तकाच्या फाटक्या प्रतीऐवजी नवी प्रत यादीत लिहिली. ग्रंथ राहू दिला.