९९९९ इन वन

शनिवारी सकाळी सातला मी गाडीची किल्ली उचलतो, तेव्हा बायको डोळे न उघडताच विचारते, "आज कुठल्या गावची जत्रा?" प्रश्न रास्त आहे. न्यू जर्सीत एप्रिल उजाडला, की विजेच्या खांबांवर पुठ्ठ्याच्या पाट्या लागायला लागतात. पाटीवर एक बाण, खाली पत्ता, आणि माणूस हौशी असेल तर एक फुगा. बाणामागून गेलं की कुणाच्या तरी अंगणात घडीची टेबलं मांडलेली असतात आणि त्यांवर त्या घराचा अर्धा संसार उन्हाला पडलेला असतो. काही गावं तर वर्षातला एक शनिवार ठरवून सगळ्या गावाचाच यार्ड सेल लावतात. त्या दिवशी मी डबा बांधून निघतो.

मला हवे असतात जुने व्हिडिओ गेम. बाकी दिवे, बाहुल्या, एकेकाळी व्यायाम करायचं ठरवलेल्यांची यंत्रं, हे मी डोळ्यांआड करतो.

एका उन्हाळ्यात आई इथे आली होती, तेव्हा ती हौसेने माझ्याबरोबर निघाली. पहिल्याच टेबलापाशी माझी बाही ओढून म्हणाली, "लोकांचं वापरलेलं आपण विकत घ्यायचं?" साताऱ्याला आमच्या घरचं वापरलेलं बोहारणीकडे जायचं आणि बदल्यात स्टीलचं पातेलं यायचं. तेही सरळ नाही. तीन साड्या, दोन पँटी, वर "हा सदरा उसवलाय की वो वहिनी" अशी अर्ध्या तासाची घासाघीस. आईने खुर्चीत बसलेल्या गोऱ्या आजींकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे इथे मालकीणच बोहारीण होऊन बसते होय!" त्यानंतर तिसऱ्या घरी तिने एक पितळी घंटा उचलली. किंमत पन्नास सेंट. मला म्हणाली, "पंचवीसला देते का विचार." मी विचारलं नाही. त्याचा राग तिने परत जाईपर्यंत धरला होता.

गेम कधीच टेबलावर नसतात. ते टेबलाखालच्या प्लॅस्टिकच्या खोक्यात, वायरींच्या गुंत्याखाली, तळघराचा ओलसर वास घेऊन पडलेले असतात. तिथेही नसतील तर विचारावं लागतं. "काही जुने व्हिडिओ गेम आहेत का?" यावर दोनच उत्तरं येतात. "थांब हं, मुलाचं काहीतरी खाली आहे वाटतं" हे ऐकलं, की माझ्या छातीत अजूनही धडधडतं. "अरेरे, मागच्याच वर्षी सगळं फेकलं" हे ऐकलं, की एखाद्याच्या मयताला गेल्यासारखा चेहरा करून मी दोन मिनिटं तिथेच उभा राहतो.

हल्ली गिऱ्हाइकांची एक नवीच जमात वाढली आहे. सहा वाजताच अंगणात शिरायचं, दिसेल त्या वस्तूवर फोन धरायचा, अ‍ॅप जो भाव सांगेल त्यावरून खोक्यात टाकायचं की खाली ठेवायचं ते ठरवायचं. ही मंडळी खेळत नाहीत, विकतात. त्यांच्याबद्दल मला फारसं चांगलं बोलता येणार नाही, म्हणून पुढे जातो.

आमच्या लहानपणी याला टीव्ही गेम म्हणत आणि कार्ट्रिजला कॅसेट. १९९३ च्या दिवाळीत बाबांच्या बोनसमधून आमच्याकडे तो आला. त्यावर कंपनीचं नाव काय होतं ते कुणीच पाहिलं नाही, तशी पद्धतच नव्हती. दोन रिमोट, एक काळं पिस्तूल आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर छापलेलं होतं: ९९९९ इन वन. आम्ही चाळीतली सहा पोरं त्या आकड्याकडे बघून गप्प झालो होतो. रोज एक खेळला तरी सत्तावीस वर्षं पुरतील, असा हिशोब माझ्या थोरल्या भावाने पाटीवर करून दाखवला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळलं, की गेम सातच आहेत. आठव्या नंबरला पुन्हा मारिओच, फक्त दुसऱ्या लेव्हलपासून सुरू. तेविसाव्या नंबरला कॉन्ट्रा, पण तीस जीव घेऊन. आईचं म्हणणं एवढंच, की याने पिक्चर ट्यूब जाते. तिची ती समजूत कुणीही काढू शकलं नाही.

ते सगळं नक्कल होतं, हे मला अमेरिकेत आल्यावर कळलं. जपानच्या निन्टेन्डोने १९८३ मध्ये फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं, त्याची कुणी परवानगी न घेता केलेली प्रत आमच्या घरी होती. अस्सल यंत्र अमेरिकेत १९८५ मध्ये आलं, तेही वेष बदलून. इथे १९८३ मध्ये व्हिडिओ गेमचा धंदा असा काही बसला होता, की दुकानदार तो माल फळीवर ठेवायला तयार नव्हते. अटारी या गेमच्या कंपनीने न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोत अ‍ॅलामोगोर्डो इथे खड्ड्यात पुरल्या, त्या २०१४ मध्ये लोकांनी उकरून काढल्या आणि त्यांतल्या कितीतरी लिलावात विकल्या. हे मी बायकोला माझ्या छंदाच्या समर्थनार्थ सांगितलं होतं. ती म्हणाली, "मग तूही पूर ना, मागे अंगण आहे."

तर अस्सल यंत्र मला एका यार्ड सेलमध्ये वीस डॉलरला मिळालं. राखाडी, चौकोनी, कॅसेट वरून खोचायची नाही, दार उघडून आत सरकवायची आणि दाबायची. बटण दाबलं तर लाल दिवा लागे, विझे, लागे, विझे. आत एक राखणदार चिप असते. कॅसेटमधल्या जुळ्या चिपशी तिचं बोलणं जुळलं नाही, की ती यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू करते, सेकंदासेकंदाला. नकली माल चालू नये म्हणून ही व्यवस्था. पण खाचेतल्या पिना जुन्या होऊन सैल पडल्या, की ती अस्सल कॅसेटलाही ओळख देत नाही. आमच्या साताऱ्याच्या यंत्राला असला राखणदार नव्हताच. त्याला काहीही घाला, ते चालायचं.

मी काय केलं असेल? कॅसेट बाहेर काढली आणि फुंकर मारली. कुणी शिकवल्याशिवाय येणाऱ्या गोष्टींत ही एक. एकदा एका अंगणात कॅसेट हातात आल्याआल्या मी ती तोंडाशी नेली, तर टेबलापलीकडचा माझ्याच वयाचा यजमान मोठ्याने हसला. ओहायोतल्या त्याच्या गल्लीतही असंच फुंकायचे म्हणे. सातारा आणि ओहायो यांच्यात तेव्हा फोन नव्हता, की पत्रव्यवहार नव्हता. गंमत म्हणजे फुंकरीचा उपयोग शून्य. निन्टेन्डोने स्वतःच फुंकू नका म्हणून सांगून ठेवलंय, तोंडाच्या वाफेने आतल्या पट्ट्या खराब होतात. गुण येतो तो कॅसेट काढून पुन्हा घातल्याचा. खरा उपाय म्हणजे कानातल्या कापसाच्या काडीला स्पिरिट लावून पुसायचं. पहिली काडी काळी कुळकुळीत निघते. त्यातलं निम्मं कुणा पोराच्या चिप्सचं तेल असणार.

बदकं मारायच्या गेमसाठी मला जुना डबा टीव्हीही शोधावा लागला. ती बंदूक काही सोडत नाही, ती बघते. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि नळीतल्या डोळ्याला तो दिसला तर बदक पडतं. हे सगळं काचेच्या ट्यूबच्या तालावर बेतलेलं आहे, सपाट टीव्हीवर बदकं अमर होतात. न्यू जर्सीत टीव्ही नेहमीच्या कचऱ्यात टाकायला २०११ पासून बंदी आहे, त्यामुळे डबा टीव्ही घेऊन जाणाऱ्याला लोक वर लिंबूसरबत देतात. माझा सत्तावीस इंची, चाळीसेक किलोचा. जिन्यावर मधोमध पोचल्यावर बायकोने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. मागच्या भारतवारीत रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो होतो. नळाच्या तोट्या, घड्याळांची पोटं, एका चपलेचा जोड, आणि त्यात एक पिवळी कॅसेट. ९९९९ इन वन.

"चालते का?" मी विचारलं.

"ते तुम्ही बघा. शंभर द्या, आन् परत आणू नका."

घरी येऊन पाहतो तर बसते कुठे? आपल्या कॅसेटला साठ पिना, जपानी धाटणीच्या. अमेरिकन खाचेला बहात्तर. बाजारात दोन्हींच्या मध्ये बसणारी जोडणी मिळते, पण मला ती यार्ड सेलमध्येच शोधायची होती, कारण ती तिथे असते. १९८५ मध्ये घाईघाईने माल अमेरिकेत आणताना निन्टेन्डोने काही कॅसेटींत जपानी सर्किटची पट्टीच घातली आणि मध्ये एक जोड बसवून दिला. जायरोमाइट नावाच्या गेममध्ये तो बऱ्याचदा सापडतो. त्या गेमसोबत एक रोबॉट यायचा, आम्ही गेम नाही, खेळणं विकतोय असं दुकानदारांना भासवायला. जोड सगळ्यांत नसतो. कॅसेट हातात धरून वजनाचा अंदाज घ्यायचा, पाठीवर साध्या खाचेचे पाच स्क्रू आहेत का बघायचं, आणि नशीब.

मी पाच जायरोमाइट घेतल्या. बायकोच्या मते एकच गेम पाच वेळा घेतला. चार हलक्या निघाल्या. पाचवी एका पेन्सिल्व्हेनियाच्या अंगणातली, तीन डॉलरची, उचलताच मनगटाला जाणवली. घरी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून पाचही स्क्रू काढले. कवच वेगळं झालं आणि आत ती होती: छोटी हिरवी पट्टी, एका टोकाला जपानी खाच, दुसऱ्या टोकाला अमेरिकन दात, तिच्यावर राखणदाराला लागणारी ती जुळी चिप, आणि बारीक अक्षरांत छापलेलं: जॉइंट.

पिवळी कॅसेट त्यात खोचली. आत गेली की हात पोचत नाही, म्हणून जोडाला पायजम्याची नाडी बांधून टोक बाहेर सोडलं. बटण दाबलं. लाल दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. डबा टीव्हीवर निळा पडदा, कोपऱ्यात डोलणारं नारळाचं झाड, आणि ते किरकिरं संगीत, जे वाजलं की आई स्वयंपाकघरातून "बंद करा ते" म्हणायची.

मुलगी अकरा वर्षांची आहे. ती येऊन शेजारी बसली, रिमोट घेतला, पहिला गेम पाच मिनिटं खेळली, आठव्यावर गेली.

"बाबा, हा तर मघाचाच आहे."

"असं कसं? पुढे बघ."

ती पुढे बघायला लागली. मी काही बोललो नाही. ती दोनशे एकोणिसाव्या नंबरवर होती, तेव्हा मी चहा टाकायला उठलो. कप घेऊन परत आलो तर चारशे बारा.