वॉकवेखालचा गंज

दहा वर्षं जुना पाइप रॅक होता, म्हणजे पाइप पेलणारा लोखंडी सांगाडा, अगदी समुद्राला लागून, आणि आम्ही गेलो होतो फक्त रंगकामाचा अंदाज काढायला. समुद्राच्या बाजूचे खांब लालभडक झालेले, जो येईल तो तिथंच थांबून हळहळायचा, मीपण तिथूनच सुरुवात केली. घासून, जेल लावून जाडी मोजायचा गेज टेकवला तर 10 मिमीपैकी 9.2 शिल्लक. दिसायला भयंकर, पण अजून दम होता.

मग चेकर्ड प्लेटच्या (नक्षीदार लोखंडी पत्र्याच्या) वॉकवेखाली वाकून शिरलो. तिथं ना ऊन ना पाऊस, रंगही बराचसा जागेवर, फक्त ब्रेसिंगच्या, म्हणजे सांगाड्याला तिरका आधार देणाऱ्या, अँगलवर थोडा फुगलेला. सोबतचा फिटर म्हणाला, साहेब, हे तर चांगलंय की. मी हातोडी मारली, टण्ण वाजायला हवं होतं तिथं भद्द आवाज आला आणि तळहाताएवढी खपली सुटून पडली. उचलून बघितली तर थरावर थर, बाहेरून तपकिरी, आत काळपट, आणि लोखंडाला चिकटलेली बाजू चक्क ओली! भर दुपारी, आठवडाभर पाऊस नसताना. साफ करून मोजलं, 6 मिमीच्या अँगलमध्ये 2.6 उरलेले. नटाजवळ तर पुढच्या ठोक्याला हातोडीचं टोक आरपार गेलं. वर माणसं चालत होती, माझ्या पोटात गोळाच आला.

फिटरला तिथंच बसून सांगितलं. उघड्या खांबावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो, इथं ते वर्षानुवर्षं साचतच राहतं. साधं मीठ हवेत साधारण 75 टक्के आर्द्रता असली की पाणी ओढतं, पण समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड 33-34 टक्क्यांनाच ओलं होतं, मग किनाऱ्यावरच्या दमट हवेत ते सुकणार कधी? त्यात क्लोराइड गंजताना संपत नाही, खपलीखाली अडकून तेच पुन्हा पुन्हा लोखंड खातं. आयएसओ 9223 या हवेतल्या गंजाच्या आंतरराष्ट्रीय मानकात सी5, म्हणजे फार गंजवणाऱ्या, वर्गाच्या हवेत उघडं कार्बन स्टील पहिल्या वर्षी एका बाजूने 80 ते 200 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) जातं असं धरलंय. आमचे 3.4 मिमी दोन बाजूंनी दहा वर्षांत, म्हणजे एका बाजूने वर्षाला 170 मायक्रॉन, आणि तेही रंग लावलेलं असताना, म्हणजे रंग सुटल्यावरचा वेग याहून जास्तच असणार.

सगळ्यात राग आला तो फुगलेल्या रंगाखाली जुना गंज तसाच सापडला तेव्हा, मागच्या वेळी कोणीतरी न घासता न धुता वरून रंग फासला होता. असं कसं करवतं माणसाला?

वॉकवे लगेच बंद करायला लावला, अंदाजाचा कागद बाजूला ठेवला आणि अँगल बदलायची यादी सुरू केली. उरलेल्या भागासाठी आधी गोड्या पाण्याने प्रेशर वॉश, मग ब्लास्टिंग (कणांच्या जोरदार माऱ्याने गंज काढणं), मग लोखंडावर मीठ उरलंय का याची चाचणी, आणि ती पास झाल्याशिवाय ब्रश लावायचा नाही असं लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फिटर माझ्या आधी येऊन टॉर्च घेऊन खाली उताणा झोपलेला, खडूने फुल्या मारत होता. संध्याकाळपर्यंत 14 झाल्या.