चादर ट्रेक: पाय भिजला की काय कराल?

चादर म्हणजे लडाखमधल्या झंस्कार नदीवर हिवाळ्यात धरणारा बर्फाचा थर; ट्रेक त्याच्यावरूनच चालत करायचा. या चादरीवर थंडीपेक्षा पाणी जास्त घात करतं. जानेवारीत रात्री पारा उणे वीसच्याही खाली उतरतो, पण पाय कोरडे असले की माणूस निभावतो. तिलाड सुमदोचा तळ सोडल्यावर आमच्यातल्या एकाचा पाय पातळ बर्फातून आत गेला आणि गमबूट पाण्याने भरला. 'मुक्कामावर बदलतो की मोजे,' म्हणत गडी तसाच चालत राहिला. आधी बोटं ठणकत होती, मग ठणका थांबला. त्याला वाटलं बरं वाटतंय. खरं तर गाइडला सांगायची वेळ तीच.

तंबूत मोजा अक्षरशः सोलून काढला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं पांढरीफटक, दाबली तर मेणबत्तीसारखी टणक. हा हिमदंश, म्हणजे थंडीने मांस गोठणं. कुणी म्हणे चोळा, कुणी म्हणे शेकोटीजवळ धरा. गाइडने दोन्ही हाणून पाडलं. चोळल्याने आतलं मांस फाटतं आणि बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. वाटेत पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर पाय वितळवायचाच नाही, कारण दुसऱ्यांदा गोठलेली बोटं सहसा हातची जातात. कोरडे मोजे सैलसर चढवले, गड्याला स्लीपिंग बॅगेत घालून स्लेजवर बांधला आणि उजेड होता तोवर पोर्टरांनी ओढत रस्त्यापर्यंत आणला. तिथून गाडीने लेह.

इस्पितळात 37 ते 39 अंशांच्या पाण्यात अर्धा तास पाय. वेदनाशामक देऊनही तो ओरडत होता. दुसऱ्या दिवशी फोड आले: बोटांवर स्वच्छ पाण्याचे, अंगठ्यावर रक्ताळलेले, म्हणजे इजा खोल. लगेच कापत नाहीत. मेलेला भाग वेगळा दिसायला कित्येक आठवडे लागतात. शेवटी अंगठ्याचं टोक गेलं, बोटं राहिली.

गोठलेल्या भागात रक्ताच्या गुठळ्या होतात. त्या विरघळवायचं औषध द्यायचं तर पाय वितळल्यापासून 24 तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून 'सकाळी बघू' परवडत नाही.

जाणाऱ्यांनी गमबूट दोन मोजे मावतील असा घ्यावा. घट्ट बुटाने रक्त अडतं. कोरडा जोड सॅकच्या तळाशी नको, वरच्या कप्प्यात हवा. सिगारेट बंद. चादरीवर मोबाइलच्या भरवशावर राहू नका, आणि परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं आपल्याकडे बेकायदा आहे. तेव्हा पैसे भरण्याआधीच आयोजकाला विचारा: स्लेज सोबत असते का, निरोप कोण आणि कसा पोहोचवणार, विम्यात हेलिकॉप्टर धरलंय का. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा आयोजक शोधा.