ॲडमंटचं चिलखत, मिल्स अँड बून आणि आईचा भाग १८७

आधी एक गोष्ट क्लिअर करते. परवा एका लग्नात काकांना बोलता बोलता सांगितलं की मी अजून फॅन्टसी गेम खेळते, तर त्यांनी इकडंतिकडं बघून हळूच विचारलं, "अगं पण ते बंद झालं ना आता? कायदा आला की." त्यांना वाटलं मी क्रिकेटची अकरा जणांची टीम लावून पैसे घालवते. ते नाही ओ काका! २०२५च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आणणारा कायदा आला तो विषयच वेगळा. मी म्हणतेय त्या फॅन्टसीत तलवारी असतात, गॉब्लिन असतात, ड्रॅगन असतात आणि माझ्यासारखी एक पस्तिशीची बाई तासन् तास एका झाडासमोर कुऱ्हाड घेऊन उभी असते.

आणि वाचते काय, तर "तसली पुस्तकं". म्हणजे रोमान्स. या दोन्ही गोष्टी माझ्या आयुष्यात एकाच वर्षी आल्या, नववीत असताना, सांगलीत, २००६ साली, आणि दोन्ही चोरून. गेम, म्हणजे रूनस्केप, दादामुळं आला, तो मला सायबर कॅफेत घेऊन जायचा कारण घरी "दोघं प्रोजेक्टसाठी चाललोय" म्हणलं की आई पैसे द्यायची, वीस रुपये तास. आणि मिल्स अँड बून आलं ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक भाड्यानं पुस्तकं देणारी लायब्ररी होती तिथून. तिथल्या काकांनी ती पुस्तकं अगदी आतल्या रॅकवर, नवनीतच्या जुन्या गाइडांच्या शेजारी ठेवलेली, का ते मला आजपर्यंत कळलं नाही, बहुतेक आमची सोय म्हणूनच. तिथून उचलायचं, गाइडमध्ये घालून काउंटरवर न्यायचं, काका न बघितल्यासारखं करून रजिस्टरमध्ये नुसतं "इंग्रजी १" लिहायचे. घरी आल्यावर पेपरचं कव्हर. वरनं बघितलं तर इतिहासाचं पुस्तक.

त्या पुस्तकांनी मला इंग्लिश शिकवलं हे मी इंटरव्ह्यूत कधी सांगितलं नाही पण खरं तेच आहे. ग्रीसबद्दलची माझी सगळी माहितीपण तिथलीच, म्हणजे ग्रीसमधल्या प्रत्येक माणसाचं स्वतःचं एक बेट असतं, जहाजांचा धंदा असतो, आणि त्याला कुणीतरी लहानपणी दुखवलेलं असतं म्हणून तो सेक्रेटरीशी वाकडं बोलतो. १८०-१९० पानं. पान ३० पर्यंत भांडण, शंभरच्या आसपास एखादी पार्टी नाहीतर वादळ नाहीतर दोघं एकाच घरात अडकणं, १५०ला मोठा गैरसमज, आणि शेवटच्या चार पानांत सगळं नीट. मी पैज लावून पान नंबर सांगायची मैत्रिणींना.

मिल्स अँड बून ही कंपनी १९०८ साली लंडनमध्ये निघाली तेव्हा सगळ्याच प्रकारची पुस्तकं काढायची, जॅक लंडनसुद्धा छापलाय त्यांनी. रोमान्सवर ते आले नंतर, १९३०च्या दशकात, आणि आले कशामुळं तर तिकडच्या भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्यांमुळं! आठवड्याला नवीन पुस्तक पाहिजे असणाऱ्या बायका, ठरलेलं तपकिरी बाइंडिंग, लेखिका कोण ते न बघता लोक तपकिरी पुस्तक मागायचे. पुढं १९७१मध्ये कॅनडाच्या हार्लेक्विननं कंपनी घेतली आणि २००८मध्ये त्यांनी भारतातपण दुकान मांडलं. हे मी वाचलं तेव्हा मला आमचे लायब्ररीवाले काका आठवले. म्हणजे लंडन काय आणि सांगली काय, हा धंदा उभा केला तो तीन दिवसांत पुस्तक परत आणून "अजून आहे का यातलं" विचारणाऱ्या बायकांनी.

आता नावं ठेवणाऱ्यांबद्दल. "शेवट माहितीच असतो तर वाचायचं कशाला" हा प्रश्न मला शाळेतल्या बाईंनी, कॉलेजातल्या सरांनी आणि लग्नानंतर नवऱ्यानं विचारलाय. नवऱ्याला मी विचारलं तू वर्ल्ड कपची २०११ची फायनल किती वेळा बघितलीस, तो गप्प झाला. पण खरं उत्तर त्याच्याही आधीचं आहे. आपल्याकडं मुलीचं लग्न जमत नसेल तर एकनाथांच्या रुक्मिणी स्वयंवराचं पारायण करायला लावतात. माझ्या मावसबहिणीनं केलंय. तिथं कुणी म्हणतं का की अगं कृष्ण येऊन घेऊन जाणारे ते माहितीये की, कशाला वाचतीयेस? माहितीये म्हणूनच तर वाचायचं. पत्र पोचेल का, रथ वेळेवर येईल का, तो मधला जीव खालीवर होण्याचा भाग आपण बिनधास्त एन्जॉय करू शकतो कारण पुढं कुणीतरी शब्द दिलाय की येतो तो. रोमान्सचा करार एवढाच आहे, बाकी कितीपण छळा, शेवटी नीट करा.

आणि मराठीत हे सगळं घाण घाण म्हणून बाजूला टाकायची खोड जुनी आहे. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' 'रंभा'च्या १९६२च्या दिवाळी अंकात आली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, हायकोर्टात दोषी ठरले आणि शेवटी १९६९मध्ये सुप्रीम कोर्टानं सोडलं. दिल्लीत न्यायमूर्ती बसून मराठी दिवाळी अंकातली प्रेमकथा बारकाईनं वाचतायत हे चित्र मला लईच आवडतं. दुसऱ्या बाजूला आईच्या आवडत्या कुसुम अभ्यंकर, कादंबऱ्या लिहायच्या आणि रत्नागिरीच्या आमदारपण होत्या. म्हणजे प्रेमकथा लिहिणारी बाई विधानसभेत निवडून जाऊ शकते, पण ती वाचणाऱ्या मुलीनं पेपरचं कव्हर घालायचं. असो.

गेमकडं येते. रूनस्केप. इंग्लंडमधल्या गोवर भावांनी २००१च्या जानेवारीत सुरू केलेला, ब्राउझरमध्येच चालायचा, सीडी नको, काही इन्स्टॉल करायला नको, म्हणून तर आमच्या कॅफेतल्या डबड्या मशीनवर चालायचा. दादा लगेच गॉब्लिन मारायला पळायचा. मला मारामारीत इंटरेस्ट नव्हता, मी झाडं तोडायची. ड्रेनर नावाचं गाव आहे, तिथं बँकेच्या बाजूलाच पाण्याकाठी विलोची झाडं आहेत, तिथं जगभरातली पोरं ओळीनं उभी राहून नुसती खटाखट तोडत असायची. थैलीत २८ ओंडके मावतात. भरली की बँकेत टाकायचे, परत झाड. आणि गप्पा. फिनलंडचा एक, ब्राझीलचा एक, बाकी कोण कुठले देव जाणे.

ज्यांनी खेळलं नाही त्यांना याचं गणित सांगते म्हणजे वेडेपणा कळेल. एका विलोच्या ओंडक्याला साडेसदुसष्ट पॉइंट. ९९ लेव्हलला, म्हणजे सगळ्यात वरच्या, लागतात १,३०,३४,४३१. म्हणजे नुसती विलो तोडत गेलात तर एक लाख त्र्याण्णव हजारांच्या वर ओंडके, बँकेच्या जवळजवळ सात हजार फेऱ्या. आणि सगळ्यात भारी जोक म्हणजे ९२ लेव्हलला तुमचे होतात ६५,१७,२५३. जवळजवळ बरोब्बर निम्मे! ९२ म्हणजे आपल्याला वाटतं आलंच की, आणि तुम्ही मध्यावर असता. मी दादाला विचारलेलं ९९ झालं की काय होतं. म्हणाला, "काय नाही. दुसरं स्किल घ्यायचं."

आणि हो, रोमान्स तिथंपण होता. वरॉक नावाच्या गेममधल्या शहराच्या चौकात एक जण तरी कायम ओरडत असायचा, "बाइंग जीएफ १० के". दहा हजार नाण्यांत गर्लफ्रेंड! तेवढ्यात बरे ओंडकेपण आले नसते. मी मुलगी आहे हे कुणी मानायचंच नाही, तिथं मुलीचं कॅरेक्टर म्हणजे आत नक्की पोरगा असा सगळ्यांचा ठाम विश्वास. एक जण मात्र मानला. त्याच्या नावात नाइट होतं आणि पुढं चार आकडे. तीन आठवडे रोज माझ्या शेजारच्या झाडाला उभा राहायचा, "हाऊ वॉज स्कूल" विचारायचा, एकदा मला लॉबस्टर दिले दहा, न मागता. माझ्या डोक्यात लगेच पान १०० सुरू. ग्रीक नसेल पण बेट असेलच कुठंतरी.

माझ्याकडं तेव्हा ॲडमंटचं, म्हणजे गेममधल्या एका धातूचं, हिरवं चिलखत होतं. पूर्ण सेट. सगळे ओंडके विकून घेतलेलं, दोन महिने लागले होते. तर हा म्हणाला की मी तुझ्या चिलखताला सोनेरी किनार लावून देतो, फुकट, मला येतं. आता तुम्ही रूनस्केपवाले असाल तर इथं तुम्ही कपाळावर हात मारून घेतला असणार. चिलखताला किनार लावणं हे गेममध्ये कुणालाच येत नाही! तसं तयार चिलखतच मिळतं, तेपण नशिबानं. पण मला वाटलं साडीला फॉल-पिको करून देतात तसं असेल कायतरी. ट्रेडची खिडकी उघडली, हेल्मेट दिलं, छाती दिली, पाय दिले, ढाल दिली. ॲक्सेप्ट. परत एकदा ॲक्सेप्ट, कारण गेम दोनदा विचारतो, शहाणा गेम आहे. आणि तो उभा होता तिथं जमीन दिसायला लागली.

कॅफेतली अजून अकरा मिनिटं शिल्लक होती. मी ती अकरा मिनिटं त्याच जागी उभी राहिले, साध्या कपड्यांत. हे मी दादाला सांगितलंच नाही, त्याला आज हे वाचूनच कळेल.

याच गेममध्ये रोमिओ-ज्युलिएटची एक क्वेस्टपण आहे, म्हणजे गोष्टीसारखी एक कामगिरी, फुकट खेळणाऱ्यांनापण मिळते. रोमिओ चौकात बावळटासारखा फिरत असतो, तुम्ही चिठ्ठ्या पोचवायच्या, बेरी गोळा करून औषध बनवून आणायचं, ज्युलिएट मेल्याचं नाटक करते, आणि तळघरात रोमिओला तिची चुलतबहीण फिलिपा दिसते आणि हा बाबा ज्युलिएटला तिथंच विसरून फिलिपाच्या मागं! क्वेस्ट कंप्लीट, पाच पॉइंट. पहिल्यांदा खेळले तेव्हा हसले होते. चिलखत गेल्यावर परत आठवलं तेव्हा वाटलं, यांनी आधीच सांगून ठेवलेलं की बाई, इथं शेवटाची गॅरंटी नाहीये.

माझं मत असं की या दोन्हीत फरक तोच आहे, आणि "दोन्ही पळवाटाच" म्हणणाऱ्यांना तो दिसत नाही. मेहनत दोन्हीकडं सारखीच, तेच तेच परत करायची मजापण सारखी. पण कादंबरी संपते. गेम संपू शकत नाही, संपला तर मेंबरशिप कोण भरणार? २००८च्या सुरुवातीला त्यांनी खरे पैसे घेऊन नाणी विकणाऱ्यांना रोखायला म्हणून देवाणघेवाणीवर बंधनं घातली तेव्हा पुष्कळ जण सोडून गेले, दादापण. मग २०१३मध्ये त्यांनी २००७च्या ऑगस्टची जुनी कॉपी काढून परत तोच गेम चालू केला, ओल्ड स्कूल म्हणून, सगळ्यांनी शून्यापासून. २०१८मध्ये तो मोबाईलवर आला, २०२०च्या लॉकडाऊनमध्ये मी परत गेले. ड्रेनरची विलो तिथंच. माणसं म्हातारी झालीत, एवढंच. पूर्वी शाळेचं विचारायचे, आता होम लोनचं. मला आवडतं ते. पण मी त्याच्याकडं शेवट मागत नाही.

रोमान्सकडं मात्र मागते, आणि इथं माझी खरी तक्रार आहे. आई आता मोबाईलवर वाचते. एका ॲपवर एक कथामालिका आहे, खडूस सीईओ, काँट्रॅक्ट मॅरेज, एका वर्षाचा करार, प्रेमात पडायचं नाही अशी अट, नेहमीचंच, आणि मला त्या नेहमीच्याचा काहीच प्रॉब्लेम नाहीये. प्रॉब्लेम हा की आई भाग १८७ वर आहे आणि एका वर्षाचा करार अजून संपलेला नाही. रोज एक भाग उघडतो. आजच पुढचा पाहिजे तर कॉइन्स. रोज वाचलं की सलग किती दिवस झाले त्याचा बॅज. खाली शेकडो कमेंट, "खूप छान भाग ताई, पुढचा लवकर टाका." भाग १६०ला त्याची आठवण गेली. १७५ला परत आली आणि हिची गेली. मी बघितलं आणि म्हणलं अरे हे तर विलो आहे! कॉइन्स, लेव्हल, रोजची हजेरी, सगळं गेममधलं उचललंय, फक्त शेवट द्यायची जी एक गोष्ट रोमान्सकडं होती ती काढून घेतली. लिहिणाऱ्या ताईंचा दोष नाही म्हणत मी, त्यांना भागांवरच पैसे मिळत असतील तर त्या तरी कशाला लग्न लावतील. पण मिल्स अँड बूनवाल्यांना हसणाऱ्यांनी एकदा विचार करा, त्या १९० पानांत किती शिस्त होती.

हे सगळं मी गेल्या रविवारी आईला तावातावानं सांगत होते. ती शेंगा सोलत होती, मी हातात फोन घेऊन गेममधली यूची झाडं तोडत होते, लेव्हल ८८. तिनं ऐकून घेतलं सगळं.

मग म्हणाली, "अगं, माझ्यापुरतं त्यांचं १४०लाच जमलं. तो तिला पावसात घ्यायला आला होता बघ स्टँडवर, तिथंच. पुढचं मी नुसतं सासरचं म्हणून वाचते."

"मग थांब की १४०वर."

"सासरचं कोण सोडतं होय? कॉइन संपलेत, तेवढे भर."