तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या कागदांसाठी पैसे कोण देतं?

"आमच्याकडे ट्रंका भरून मोडी कागद आहेत. ते स्कॅन करून नेटवर टाकायचेत. पैसे कोण देईल?" हा प्रश्न मला वर्षभर कुठून ना कुठून येत राहतो. कधी तालुक्याच्या वाचनालयाचे कार्यवाह विचारतात, कधी पीएचडी करणारी एखादी मुलगी, कधी ज्यांच्या माळ्यावर इनामाचे कागद पडून आहेत असे कुणी. अशा संस्थांना अनुदानाचे अर्ज लिहायला मदत करणं हे माझं कामच आहे. फोनवर याचं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

पैसे देणारे आहेत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीचा 'एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम' २००४ पासून धोक्यात असलेल्या जुन्या कागदपत्रांच्या डिजिटायझेशनला अनुदान देतो. पैसे आर्केडिया या न्यासाचे. मूळ कागद देशाबाहेर जात नाहीत, जातात त्या फक्त प्रती, आणि हे मी प्रत्येक घराण्याला आधी सांगते, कारण पहिली भीती तीच असते. विसाव्या शतकातलं आणि त्यानंतरचं साहित्य असेल, तर आर्केडियाच्याच पैशांवर चालणारा लॉस एंजेलिसच्या यूसीएलए ग्रंथालयाचा वेगळा कार्यक्रम आहे. बंगळुरूचं 'इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स' संग्रहालयं आणि अभिलेखागारांमधल्या कामाला मदत करतं. केंद्र सरकारचं राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ मध्ये सुरू झालं आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात हस्तलिखितांच्या पाहणी-जतनासाठी 'ज्ञान भारतम्'ची घोषणा झाली.

इथे एक गोष्ट नीट बघा. पांडुलिपी मिशनच्या व्याख्येत हस्तलिखित म्हणजे किमान ७५ वर्षं जुना, हातानं लिहिलेला, ज्ञानविषयक मजकूर असलेला ग्रंथ. फर्मानं, महसुली कागद, शिलालेख त्यात धरलेले नाहीत. म्हणजे तुमच्या वाड्यातली ज्ञानेश्वरीची पोथी त्यात बसते आणि त्याच फडताळातला वसुलाचा ताळेबंद बसत नाही. ज्या योजनेकडे अर्ज करणार तिची व्याख्या आधी वाचा. कित्येक अर्ज पहिल्याच पानावर बाद होतात ते याच कारणानं.

पण पैसे कोण देतं यापेक्षा कशासाठी मागायचे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जवळजवळ प्रत्येक कच्च्या अर्जात कॅमेरा, स्टँड, दिवे, हार्ड डिस्क यांचे दर तपशीलवार लिहिलेले असतात आणि मोडी वाचणाऱ्याचं मानधन शेवटच्या ओळीत, उरलेल्या पैशांत. माझं म्हणणं याच्या बरोबर उलट आहे.

एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडून बघा. वरचा कागद घ्या. माथ्यावर 'श्री', खाली आधी ओढून घेतलेली आडवी रेघ आणि तिला लटकवलेली अक्षरं, बोरू न उचलता एकातून दुसऱ्यात गेलेली. दोन शब्दांमध्ये जागा नाही. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. तारीख अशी: 'छ ७ रजब, सन खमस सितैन मया व अलफ'. 'छ ७ रजब' म्हणजे रजब या मुसलमानी महिन्याचा सातवा चंद्र. खमस म्हणजे पाच, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. शुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांत चालणारी अरबी कालगणना) ११६५, म्हणजे इसवी सन १७६४-६५. थोरल्या माधवरावांचा काळ. हे ज्याला कळतं त्याच्या दृष्टीनं हा कागद उजेडात आला. ज्यानं नुसता फोटो काढला त्याच्याकडे 'आयएमजी ००४७' नावाची फाइल आहे आणि तशा हजारो फायलींमधून पुढचा अभ्यासक काहीही शोधू शकत नाही. कोणी, कोणाला, कधी, कोणत्या गावाबद्दल लिहिलं एवढ्या चार गोष्टी नोंदवायलाही जाणकार माणूस लागतो. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागद कोट्यवधींच्या संख्येनं आहेत आणि वाचणारे फार थोडे.

आता यंत्र मोडी वाचेल, मग माणसाला पैसे कशाला, असंही विचारतात. यंत्राला शिकवायला आधी माणसानं अचूक वाचलेली पानंच लागतात. शिवाय मोडी अक्षरं संगणकाला कळतात तीसुद्धा अनुदानामुळेच. २०१४ मध्ये मोडी युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या संगणकांच्या सामायिक अक्षरसंचात आली. त्यासाठीचा प्रस्ताव अंशुमन पांडे यांनी केला होता आणि त्या कामाला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (बर्कली) लिपी प्रकल्पामार्फत अमेरिकेच्या 'नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज' या सरकारी संस्थेच्या अनुदानाचा आधार होता. आपल्या लिपीसाठी अमेरिकी करदात्याचा पैसा लागला, याचं मला आजही वाईट वाटतं आणि त्या लोकांबद्दल कृतज्ञताही वाटते. याच संस्थेनं एप्रिल २०२५ मध्ये आधी मंजूर केलेली शेकडो अनुदानं मध्येच रद्द केली. सगळा भार एकाच देणगीदारावर टाकू नका, असं मी म्हणते ते यामुळे.

माणसांवर पैसे खर्च केले की काय होतं ते पाहायचं असेल तर कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाचा 'बिचित्रा' प्रकल्प बघा. रवींद्रनाथांच्या १५० व्या जयंतीच्या निमित्तानं केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयानं पैसे दिले आणि २०१३ मध्ये संकेतस्थळ खुलं झालं. हस्तलिखितं आणि छापील आवृत्त्या मिळून सव्वा लाखाहून अधिक पानं. पण नुसती चित्रं नाहीत, तर मजकूर अक्षर न् अक्षर उतरवलेला, आणि पाठभेद ताडून पाहायला त्यांनी स्वतः घडवलेली 'प्रभेद' नावाची आज्ञावली.

अनुदान संपल्यावर काय, हा प्रश्न परीक्षक विचारतातच आणि विचारायलाच हवा. सर्व्हरचं भाडं दरवर्षी भरावं लागतं, अनुदान मात्र दोन-तीन वर्षांचं. हस्ताक्षर वाचणारी 'ट्रान्सक्रिबस' ही प्रणाली युरोपीय संघाच्या अनुदानावर वाढली. ते २०१९ मध्ये संपत आलं तेव्हा तिच्या मंडळींनी सरळ सहकारी संस्था काढली. ग्रंथालयं आणि विद्यापीठं सभासद झाली. सहकार ज्या राज्याच्या अंगवळणी पडलाय तिथल्या वाचनालयांनी असं एकत्र यावं, असं मला मनापासून वाटतं. दहा वाचनालयांनी मिळून एक सर्व्हर आणि एक मोडी जाणकार ठेवला तर तो कुणालाच जड नाही.

परदेशी पैसा घ्यायचा तर विश्वस्त संस्थेला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या संस्थेला वळता करता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्क्यांवर आली आहे. तुमच्याकडे नोंदणी नसेल तर ती असलेल्या संस्थेनं मुख्य अर्जदार व्हावं आणि खर्चही तिनंच करावा. हे अर्जाआधी ठरवा, मंजुरीनंतर नाही.

आणि सुरुवात पाहणीपासून करा. ब्रिटिश लायब्ररीकडेही त्यासाठी छोटं अनुदान मिळतं. किती रुमाल, कोणत्या काळातले, किती वाळवीनं खाल्लेले, एवढं जाणकाराकडून लिहून घ्या. खर्चाच्या तक्त्यात त्याचं मानधन पहिल्या ओळीत घाला, महिन्याच्या हिशेबानं, जीएसटीसह. कॅमेरा भाड्यानं आणता येतो.